ह्यांचा काळा पाऊच

४ फेब्रु., बुधवार. पोखर्णी

बियाण्याच्या कंपनीचा माणूस दुपारी दुकानात पत्र देऊन गेला. विक्रीचं टार्गेट पूर्ण केलं म्हणून बक्षीस, बोटीची सहल. मुंबई ते गोवा आणि परत. जोडीनं.

दुसरा कुणी असता तर गावभर पेढे वाटले असते. ह्यांचं तोंड उतरलं.

"तू कशाला तकलीफ घेतीस? उलट्या होतील तुला. गंगाखेडचे गणेशराव आन् मी जाऊन येतो."

मी म्हटलं, पत्रात माझं नाव हाय.

"बरं."

सव्वीस वर्षांत इतक्या हळू "बरं" कधी ऐकलं नाही. ह्या माणसाला मला न्यायचं नाही. का न्यायचं नाही ते कळेपर्यंत मला झोप यायची नाही.

७ फेब्रु., शनिवार

सामान. ऋतुजा परभणीहून आली, विद्यापीठाला दोन दिवस दांडी. तिची होस्टेलची निळी बॅग घेतली. तिनं मला तेल, शाम्पू, सगळं पॉलिथिनमध्ये गुंडाळायला लावलं. "मम्मी, एक बाटली फुटली की पैठणी गेली." धपाटे, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं. ऋ. हसायली, म्हणे बोटीवर चार वेळा जेवण देतात. देऊ देत.

२२ ला पिंगळीचे लोक येणार. मुलगा बँकेत. पसंती झालीय, बोलणी तेवढी राहिलीत. ह्या धावपळीत सहल नकोच होती खरं तर. पण आता मी मागे हटणार नाही.

आज एक नवीनच. हे परभणीहून स्वतःच्या हातानं पाऊच घेऊन आले. काळा, चेनचा, चेनला बारकं कुलूप. ज्या माणसानं आजपर्यंत स्वतःचा कंगवा आणला नाही.

"काय हाय हे?"

"दाढीचं सामान."

दाढीच्या सामानाला कुलूप! ब्रश कुणी पळवणार होतं का?

मला वाटतं गुटखा. दोन वर्षांपूर्वी नरसिंहाच्या पायावर हात ठेवून सोडला होता. आमच्याच गावचा देव. त्याला तरी भ्यायचं.

९ फेब्रु., सोमवार. बोट

रात्रभर रेल्वे, सकाळी मुंबई. बंदरावर गेटातच बॅगा हातातून काढून घेतल्या. हँडलला एक चिठ्ठी चिकटवली आणि बॅग पट्ट्यावरून आत गेली. पावती मागितली. पोरगी म्हणे, चिठ्ठीचा तुकडा हीच पावती, बॅग खोलीत येईल. कोण आणणार, कधी आणणार, वाटेत कोण उघडणार, काही पत्ता नाही. तो तुकडा मी ब्लाउजमध्ये ठेवला.

ह्यांनी निळी बॅग खुशाल देऊन टाकली. पाऊच मात्र काखेतच.

खोली आमच्या पेंडीच्या खोलीएवढी. दोन पलंग, एक गोल काच, पलीकडे पाणीच पाणी. बाथरूममध्ये वळायचं तर आधी ठरवावं लागतं कुठल्या बाजूनं. बॅग चार तासांनी दाराबाहेर आली. सगळं मोजून घेतलं. काही गेलेलं नाही. तरी पैठणीची घडी मी अशी घातली नव्हती.

एवढ्याशा खोलीत माणूस लपवून लपवून काय लपवणार? तरी हे बाथरूमला गेले की पाऊच सोबत. बाहेर आले की पाऊच सोबत.

१० फेब्रु., मंगळवार

गोवा बघितला. ऊन. देऊळ बरं होतं.

गणेशरावांनी शेवटी बायकोला आणलंच. वैनी बोलक्या आहेत. खोली साफ करणारी बाई रोज दोन बारके साबण आणि शाम्पूच्या बाटल्या ठेवते. वैनी ते लगेच बॅगेत लपवतात, मग ती बिचारी परत नवे ठेवते. "फुकटचं हाय, घ्या की तुमी पण." मी नाही म्हटलं. एक घेतला.

आता खरी गोष्ट. रात्री नऊ वाजले की हे जिथं असतील तिथून उठतात. काल गाणी चालली होती तिथून उठले. आज जेवता जेवता उठले, ताटात पुरी अर्धी. आज मी मागोमाग गेले. बाथरूमचं दार बंद, नळ सोडलेला. नळाच्या आवाजात चेनचा आवाज. बाहेर आले ते तोंड पुसत. जवळ जाऊन वास घेतला.

"काय हुंगायलीस?"

"काही न्हाई."

नुसता पाण्याचा ओलेपणा. गुटखा नाही. वैनींना आडून विचारलं. त्या म्हणाल्या, "बोटीवर सगळेच घेतात हो. आमचे तर समोर बसून घेतात." पण दारूचा वास मला चार हातांवरून कळतो. दारूही नाही.

मग राहिलं काय? बाईचा नाद म्हणावं तर समुद्रात फोनला रेंज नाही. पाऊचमध्ये दुसरा बारका फोन असेल का? कुणाचा फोटो? चिठ्ठ्या?

घरीसुद्धा हे नऊला दुकान बंद करून येतात. कधी साडेआठला येत नाहीत. बोलणं, पाहुणे, काहीही असो, नऊ. आज पहिल्यांदा हे माझ्या डोक्यात आलं.

११ फेब्रु., बुधवार. संध्याकाळ

उद्या सकाळी उतरायचं. खोलीत कागद आला, शिवाय भोंग्यावरून तीनदा सांगून झालं. मोठ्या बॅगा आज आठच्या आत दाराबाहेर ठेवायच्या, त्या रात्रीतून खाली नेतात. उद्याचे कपडे, ब्रश-पेस्ट, औषधं, कागदपत्रं तेवढी जवळ ठेवायची. सकाळी बाथरूममध्ये काही विसरू नका.

म्हणजे परत बॅग परक्याच्या हाती. ह्या वेळेला चिठ्ठीवर मी पेननं आमचं आडनाव लिहिलं, आणि आतमध्येही एक कागद टाकला.

ओला टॉवेल कॅरीबॅगमध्ये, त्यावर गाठ. चपला वर्तमानपत्रात. तेल आता निम्मं, तरी परत गुंडाळलं. उद्यासाठी हातातल्या पिशवीत ह्यांची पँट-शर्ट, माझी साडी, परकर, दोघांचे ब्रश, पेस्ट, कंगवा, टिकल्या. माझी थायरॉईडची गोळी पर्समध्ये. ह्यांना देवाच्या कृपेनं कसलीच गोळी नाही.

हे वर गणेशरावांसोबत. पहिल्यांदाच पाऊच खोलीत राहिला, आरशामागच्या फळीवर, टॉवेलाखाली. कुलूप लावलेलं. हलवून बघितला. आत खडखड वाजतंय.

पाच मिनिटं हातात धरून बसले. कुलूप तोडलं तर कळेल. मग सुचलं. कागदावरच लिहिलंय ना, सामान बॅगेत भरा म्हणून. भरलं. निळ्या बॅगेच्या तळाशी, चपलांच्या खाली. घरी गेल्यावर बॅग मी उघडणार, तेव्हा बघू.

आत्ता पावणेआठ. बॅग दाराबाहेर ठेवली. एक माणूस गाडा घेऊन येतोय. घेतली. गेली.

१२ फेब्रु., गुरुवार. मुंबई, रेल्वे स्टेशन

बाकावर बसून लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

काल हे नऊला आले. सरळ बाथरूम. मग आरशामागं. मग पलंगाखाली.

"माझा पाऊच?"

"बॅगेत गेला. दाढी आता घरी गेल्यावर करा की."

बाहेर पळाले. बोळ मोकळा, सगळ्या बॅगा नेलेल्या. परत आले, पलंगावर बसले. मी विचारलं, काय होतं एवढं त्यात? "काही न्हाई." परत विचारलं. "काही न्हाई म्हटलं ना." माझ्या मनात आलं, बघा, कसा सापडलाय. रात्रभर हे कूस बदलत होते आणि मी डोळे मिटून मजा बघत होते. देवा.

सकाळी सहाला उठलो. आंघोळ, पिशवी भरली, बाथरूम दोनदा तपासलं. बाहेर हसण्याचा गोंधळ. वैनींनी गणेशरावांच्या सगळ्या पँटी काल बॅगेत भरून दिल्या होत्या, ते बिचारे हाफपँटवर उभे. सगळे हसायले. मीही हसले. हे हसले नाहीत.

चिठ्ठीच्या रंगाप्रमाणं बोलावणार म्हणून मोठ्या हॉलमध्ये बसवलं. आमचा रंग हिरवा. हे म्हणाले, "जरा पाणी दे." मी बाटलीचं झाकण काढायला वळले आणि मागून आवाज आला, पोतं पडल्यासारखा.

हे खाली. हात-पाय ताठ, मग झटके. डोळे वर. तोंडाला फेस. कुणीतरी ओरडलं, "फिट हाय, चप्पल हुंगवा." कुणी कांदा मागायला लागलं. बोटीवरची नर्स पळत आली, सगळ्यांना मागं सारलं, ह्यांना कुशीवर वळवलं, तोंडात काही घालू दिलं नाही. घड्याळ बघत बसली. मला ती दोन मिनिटं दोन वर्षं वाटली. पँट ओली झाली. मी माझा पदर वरून टाकला.

डॉक्टर आला. विचारलं, "ह्यांना कुठलं औषध चालू आहे?"

मी ठासून सांगितलं, "कसलंच न्हाई."

"आधी कधी फिट?"

"कधीच न्हाई."

सव्वीस वर्षांच्या संसारावर हात ठेवून सांगितलं.

हे शुद्धीवर येत होते. जीभ जड. माझा हात धरून म्हणाले, "पाऊच." तेव्हा डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं. खोली साफ करणारी तीच बाई चिठ्ठीचा नंबर घेऊन खाली पळाली. दहा मिनिटांत निळी बॅग हॉलमध्ये. मी सगळ्यांसमोर ती जमिनीवर पालथी केली. ओला टॉवेल, मी घेतलेला तो साबण, चपला, पाऊच.

किल्ली ह्यांच्या करदोड्याला. ती किल्ली मी रोज बघते. दुकानातल्या तिजोरीची समजत होते.

आत वस्तरा, तुरटी, आणि गोळ्यांची तीन पाकिटं. दोन वेळा घ्यायची, सकाळी आणि रात्री. डॉक्टर पाकीट बघून म्हणाला, "ही एक दिवससुद्धा चुकवायची नसते. कुणी चुकवली?"

मी म्हटलं, "बॅगेत गेली."

दवाखान्यात तीन तास ठेवून घेतलं, गोळी दिली, सोडलं. आता हे बाकावर झोपलेत. माझ्या मांडीवर डोकं. मी त्यांच्या कपाळाकडं बघायलेय आणि मला तो माणूस ओळखू येईना.

१३ फेब्रु., शुक्रवार. पोखर्णी

रेल्वेत हे बोलले. खिडकीकडे तोंड करून.

पहिली पंधराव्या वर्षी, विहिरीच्या काठावर. गड्यानं धरलं म्हणून वाचले. मामंजींनी नांदेडला दाखवलं. गोळी सुरू झाली, बंद केली की परत. लग्न ठरलं तेव्हा हे सांगणार होते, मामंजींनी शपथ घातली. नंतर रोज वाटायचं उद्या सांगू. मग ऋ. झाली, मग सांगायचं कशासाठी. गोळ्या दुकानाच्या गल्ल्यात. सकाळी दुकान उघडलं की एक, रात्री नऊला बंद करताना एक. बोटीवर दुकान नव्हतं.

"शेवटची कधी आली होती?"

"ऋतुजा व्हायच्या आधी."

"एवढीच ना? अजून काही न्हाई ना?"

"एवढीच."

थोड्या वेळानं म्हणाले, "तू कामून जीव जाळतीस? चुकून गेला पाऊच बॅगेत. तुझा काय दोष त्यात."

मी काही बोलले नाही. एकेक स्टेशन गेलं. परभणी आलं. मी काही बोलले नाही.

१५ फेब्रु., रविवार

आत्याबाईंना विचारलं. लेकाच्या बाजूनं अंगावर आल्या. "सांगितलं असतं तर नांदाय आली असतीस का?"

खरं उत्तर काय ते मला माहीत नाही. आले नसते. पण मग हा माणूस मिळाला नसता. दोन्ही खरं.

मग म्हणाल्या, "आन् लेकीच्या येळंला बी मीच निभावलं..." आणि गप्प झाल्या.

"लेकीच्या कुठल्या वेळेला?"

"ताप आलता की तिला. तू माहेरी गेलतीस, तुज्या बापाच्या कार्याला."

आठवलं. ऋ. तीन वर्षांची. मी आले तेव्हा हे म्हणाले होते, जोराचा ताप होता, परभणीला दवाखान्यात एक रात्र ठेवली. पोरीच्या हाताला सुईची पट्टी. मी दृष्ट काढली होती.

ह्यांना विचारलं. "ऋ. ला तेव्हा नुसता ताप होता ना?"

"नुसता ताप."

हे बोलताना पोत्यावरचं लेबल वाचत होते.

१८ फेब्रु., बुधवार

पिंगळीहून मुलाच्या आईचा फोन. "सहल कशी झाली? तब्येत बरी हाय ना दत्तरावांची?" तब्येतीचं का विचारावं? मी म्हटलं, मस्त हाय.

लगेच वैनींना फोन लावला. "आण घेते हो, एका शब्दानं कुणाला बोलले न्हाई. फक्त बहिणीला सांगितलं."

"बहीण कुठं दिलीय?"

"पिंगळीला."

आता बोलणार तरी काय.

ऋ. ला सगळं फोनवर सांगितलं. मला वाटलं रडेल. म्हणाली, "मम्मी, हा नुसता आजार हाय. गोळी घेतली की माणूस ठीक राहतो. लपवलं ते वाईट." मग म्हणाली, "पिंगळीच्या लोकांना सांगायचं. मी सांगू का?" आत्याबाई म्हणतात तोंड शिवून बसा. हे म्हणतात, बघू.

बघू म्हणजे नाही. आता मला ह्यांचे शब्द उघडून बघायची सवय लागलीय.

२० फेब्रु., शुक्रवार

आज सांगितलं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. हे गल्ल्यावर, मी समोर खुर्चीवर.

"पाऊच चुकून न्हाई गेला. मी मुद्दाम टाकला. मला वाटलं तुमी काही लपवायलाव."

एक माणूस कीटकनाशक विचारायला आला, ह्यांनी त्याला बाटली दिली, कशी फवारायची ते सांगितलं, तो गेला.

"लपवतच होतो की," म्हणाले.

"मेला असता तुमी."

"हां."

मी म्हटलं, माझ्याकडचं मी बोलले. आता रविवारी त्या लोकांपुढं तुमी बोला. मी न्हाई, ऋ. न्हाई. तुमी.

उठले. गल्ला उघडून गोळ्यांची पाकिटं काढली आणि माझ्या हातात दिली. "घरी ठेव. देवघरात ठेव, कुठंबी ठेव." मी स्वयंपाकघरात चहाच्या डब्याशेजारी ठेवली. आत्याबाई दिवसभर तिकडं बघून न बघितल्यासारखं करायल्यात.

२२ फेब्रु., रविवार

आले, बसले, गेले. आत्ता चार वाजलेत. कपबशा तशाच.

मुलगा, त्याची आई, मामा. पोहे झाले. मामा देण्याघेण्याच्या बोलण्यावर येणार तेवढ्यात ह्यांनी हात वर केला, शाळेतल्या पोरासारखा.

"आधी माझं ऐका. मला फिट येते. पंधराव्या वर्षापासून. बोटीवर आली ते तुमच्या कानावर आलंच असंल. गोळी चालू हाय. बायकोला मी सव्वीस वर्षं सांगितलं न्हाई. तुमाला सांगायलोय."

कुणी चहा उचलला नाही. आत्याबाई आत निघून गेल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला ह्यांचा इतका अभिमान वाटला की लग्नातही वाटला नव्हता.

मुलगा चांगला वाटला. म्हणाला, "काका, आमच्या मॅनेजरलाही आहे. रोज कामावर येतात." आईनं त्याच्याकडे बघितलं, तो गप्प झाला. मग तिनं सरळ विचारलं. आवाज वाईट नव्हता. मीही विचारलंच असतं.

"आन् पोरीला? तिला कधी आलती का?"

सगळे ह्यांच्याकडे. ऋ. सुद्धा. मी सुद्धा.

"न्हाई," हे म्हणाले. "लहानपणी ताप आलता एकदा. नुसता ताप."

मी ह्यांचा चेहरा बघत होते. परवा मला वाटत होतं, आता हा माणूस मला कळला. काही कळलं नाही. खरं बोलणाऱ्याचाही चेहरा तसाच असेल.

ते उठले. "घरी बोलून कळवतो." मुलगा जाताना ऋ. ला काहीतरी हळू बोलला. तिनं मान हलवली.

मग ऋ. आत आली, माझ्याशेजारी भांड्यांपाशी बसली. "मम्मी, पप्पा खरं बोलले ना?"

मी म्हटलं, हो.

उद्या तिघं परभणीला, डॉक्टरकडे. ह्यांनीच नंबर लावलाय, मी न सांगता. आत्ता ओट्यावरून म्हणाले, "तुमी दोघी बाहेर बसा, मी आधी आत जाऊन बोलतो."

मी म्हटलं, "न्हाई. आत तिघं जायचं."

हे चपला घालून दुकानाकडं गेले. रविवारी दुकान बंद असतं.